फोन एकाच्या हातात, दुखणे दुसऱ्याचे

धंद्याला खोट कशाने येते, असे विचारले तर आपले बहुतेक बांधव उधारी, मंदी, मालाचे चढे भाव आणि दुकानाचे भाडे यांचीच नावे घेतील. दुखण्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. परंतु आपल्या ओळखीत बंद पडलेली दुकाने, विकलेल्या हातगाड्या आणि गहाण पडलेली शिलाई यंत्रे आठवून पाहावीत. त्यांतील कित्येकांच्या मुळाशी घरातले एखादे मोठे आजारपणच निघेल.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशात आरोग्यावर झालेल्या दर १०० रुपयांच्या खर्चातील ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ साली हाच आकडा ६४ होता. सुधारणा झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण नोकरदाराचा खिसा आणि कारागिराचा खिसा यांत फरक आहे. नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते. वेल्डरने, शिंप्याने, गादी भरणाऱ्याने एक दिवस काम बंद ठेवले की त्या दिवसाची कमाई गेली. सोबत गेलेल्या भावाची किंवा मुलाचीही गेली. गाडीभाडे आणि बाहेरचे खाणे वेगळेच. हा खर्च कोणत्याही दवाखान्याच्या बिलावर छापला जात नाही, पण भांडवल तोच खातो.

हिंगोली जिल्ह्यात हा छुपा खर्च अधिक जड आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात, आणि शंभरातील सुमारे ८५ माणसे खेड्यांत राहणारी. जिल्ह्याच्या ठिकाणी सामान्य रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही झाले. तरीही दुखणे गंभीर झाले की नांदेडचा रस्ता धरायचा, ही सवय लगेच सुटणारी नाही. सेनगावकडच्या खेड्यातील माणूस आधी तालुक्याला, मग हिंगोलीला आणि तेथून नांदेडला जातो. तेथे गेल्यावर त्याला कळते की ते डॉक्टर आज बसत नाहीत, किंवा रेशनकार्ड घरी राहिले म्हणून योजनेत नाव घालता येत नाही. पुन्हा या, असे सांगितले जाते. असा एक फेरा वाया जाणे म्हणजे हातावर पोट असलेल्या घराचा आठवड्याचा हिशेब मोडणे होय.

या दुखण्यावर हल्ली एक नवे औषध सुचविले जाते, ते म्हणजे मोबाइल ॲप. डॉक्टरची वेळ घ्या, घरबसल्या सल्ला घ्या, कार्ड काढा, रिपोर्ट पाहा; सारे फोनवर. आम्ही या कल्पनेच्या विरोधात नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, जिल्ह्यासाठी असे ॲप कोणी करीत असेल, मग ते सरकार असो, एखादी संस्था असो की आपल्यातीलच संगणक शिकलेली मुले असोत, त्यांनी आधी एक गोष्ट नीट पाहावी. आपल्याकडे ज्याच्या हातात चांगला फोन असतो तो बहुधा आजारी नसतो. आणि जो आजारी असतो त्याच्या हातात बहुधा फोन नसतो.

२०२१ चा धडा

ही गोष्ट न पाहिल्याने काय होते, ते देशाने २०२१ मध्ये अनुभवले आहे. त्या वर्षी १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी करोनाची लस खुली झाली, पण त्यासाठी कोविन या संगणकीय व्यवस्थेवर आधी नोंदणी करून वेळ घेणे सक्तीचे होते. सुरुवातीला सारा मजकूर इंग्रजीत होता. वेळा खुल्या होताच काही क्षणांत संपत. ज्यांचे बोट जलद आणि इंटरनेट वेगवान त्यांना वेळ मिळे. त्यामुळे शहरातील लोक खेड्यातील केंद्रावर लस घेऊन जात आणि गावातील माणूस दारात उभा राही, असे प्रकार महाराष्ट्रात ठिकठिकाणी घडले. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१ च्या आदेशात या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष वेधले. पुढे मराठीसह इतर भाषा आल्या, आणि २१ जूनपासून थेट केंद्रावर जाऊन नोंदणीची सोय सर्वांना मिळाली.

कोविन हे वाईट ॲप होते असे आम्ही म्हणणार नाही. कोट्यवधी नोंदी त्याने सांभाळल्या. परंतु आखणी करताना डोळ्यांसमोर जो माणूस होता तो शहरातील, इंग्रजी वाचणारा आणि स्वतःच्या फोनचा मालक होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२० च्या सुमारास, ग्रामीण महाराष्ट्रात चार स्त्रियांपैकी जेमतेम एकीने कधी तरी इंटरनेट वापरलेला होता. हा आकडा आता वाढला असणार. पण दवाखान्याचे काम सर्वांत जास्त ज्यांना पडते त्या बाळंतिणी, म्हाताऱ्या सासवा आणि मधुमेहाने दृष्टी मंदावलेले वडील आजही या व्यवहारात मागेच आहेत.

मधल्या माणसाचे महत्त्व

दुसरे उदाहरण चांगले आहे. ई-संजीवनी ही केंद्र सरकारची दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मोफत सेवा. ती दोन प्रकारे चालते. एका प्रकारात रुग्ण स्वतःच्या फोनवरून नोंदणी करतो, टोकन घेतो आणि डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्या प्रकारात तो गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात जातो. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याची तपासणी करून आपल्या यंत्रावरून दूरच्या डॉक्टरशी गाठ घालून देतात. मार्च २०२२ मध्ये या सेवेने ३ कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्यांतील सुमारे सव्वादोन कोटी सल्ले दुसऱ्या प्रकारचे होते. घरबसल्या घेतलेले सल्ले पाऊण कोटीही नव्हते.

याचा अर्थ स्वच्छ आहे. लोकांना डॉक्टर पडद्यावर चालतो, पण मध्ये एक ओळखीचा माणूस लागतो. रक्तदाब मोजणारा, घाबरलेल्या आजीचे म्हणणे डॉक्टरला नीट सांगणारा, गोळी केव्हा घ्यायची ते पुन्हा समजावणारा. असा माणूस ही तात्पुरती अडचण समजून ॲप करणारे त्याला वगळू पाहतात. आमच्या मते ॲपच त्याच्यासाठी केले पाहिजे. रुग्णाचा मुलगा, शेजारची शिकलेली मुलगी, आशा ताई, सेवा केंद्रावरील तरुण हेच या ॲपचे खरे गिऱ्हाईक होत.

आपल्या गल्ल्यावरचा अनुभव

यंत्राला लोक घाबरतात, हे कारण आम्हाला पटत नाही. यूपीआयची पद्धत २०१६ साली सुरू झाली. आज भाजीवाल्याच्या गाडीवर, सायकल दुरुस्तीच्या टपरीवर आणि चहाच्या ठेल्यावर चौकटीचे चित्र लावलेले दिसते. ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही तोही ते वापरतो. हे का झाले, ते आपण व्यापाऱ्यांनीच सांगावे. दुकानदाराला काही लिहावे लागत नाही. पैसे आले की शेजारचा डबा मोठ्याने बोलतो, वाचावे लागत नाही. आणि पैसे आले की नाही, हे गिऱ्हाईक दुकानातून उतरण्याआधीच कळते.

आरोग्याच्या ॲपमध्ये याच्या नेमके उलट होते. उघडताच नाव विचारले जाते, मग जन्मतारीख, मग पिनकोड, मग ओटीपी, मग दहा अटींना होकार. एवढे केल्यावर कळते की आपल्या तालुक्यातील दवाखाना यादीत नाहीच. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताच आपण त्याचे नाव-गाव वहीत लिहून मगच कापड दाखवू लागलो, तर किती गिऱ्हाईक टिकेल? आधी माल दाखवावा, भाव सांगावा; पावती नंतर.

ॲपमध्ये काय असावे

तेव्हा नाव-गाव न विचारता पहिल्याच पानावर तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. आज कोणता डॉक्टर कोठे आणि किती वाजेपर्यंत बसणार आहे? सोनोग्राफी, एक्स-रे किंवा रक्ताची अमुक तपासणी आज तेथे होते काय? आणि जाताना कोणते कागद न्यायचे? या तीन उत्तरांनी जितके फेरे वाचतील तितके दुसऱ्या कशानेही वाचणार नाहीत. त्याच पानावर १०८ चे मोठे बटण हवे. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि ती साध्या फोनवरूनही बोलावता येते. ॲपने तिच्या वाटेत ओटीपीची भिंत उभी करू नये.

त्यानंतर योजनांचा विषय. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती जुलै २०२४ पासून सर्व रेशनकार्डधारकांपर्यंत वाढली असून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसह कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. परंतु ही सवलत यादीतील रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. सर्दी-तापाच्या तपासणीसाठी किंवा रोजच्या गोळ्यांसाठी ती नाही. हा फरक न कळल्याने लोक कार्ड घेऊन भलत्याच दारात उभे राहतात. ॲपने दुखण्याचे नाव घेतल्यावर साध्या शब्दांत सांगावे की हे बसते की नाही, जवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे आणि तेथील आरोग्यमित्र कोठे भेटेल.

आता नावांचा प्रश्न. आपल्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही, पण ॲप करणाऱ्यांना आहे. मराठवाड्यात आपल्या नावांची रीत वेगळी आहे. समजा एखाद्याचे नाव शेख रहीम शेख करीम. ॲप विचारते: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. कोणी ‘शेख’ पहिल्या रकान्यात लिहितो, कोणी शेवटच्या. इंग्रजीत तर हा एकच शब्द तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो, कोठे पूर्ण तर कोठे नुसती दोन अक्षरे. स्त्रियांच्या नावापुढे एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’, तिसऱ्यावर काहीच नाही. माहेरच्या कागदावर वडिलांचे नाव, सासरच्या कागदावर नवऱ्याचे. आधारवरील नाव आणि रेशनकार्डावरील नाव जुळले नाही की यंत्राला ही दोन माणसे वाटतात आणि अर्ज अडकतो. तो अडकल्याचे कळते केव्हा, तर रुग्ण खाटेवर पडल्यावर.

यावर तोडगा अवघड नाही. तीन रकान्यांऐवजी एकच लांब रकाना द्यावा आणि नाव कार्डावर आहे तसे लिहू द्यावे. दोन कागदांतील नावे जुळत नसतील तर ॲपने नुसते ‘त्रुटी’ म्हणून थांबू नये. कोणता शब्द जुळत नाही, तो कोणत्या कार्यालयात दुरुस्त होईल आणि कोणता पुरावा लागेल, तेही सांगावे. वयाचेही तसेच. सत्तरी गाठलेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, आणि वय आधारवरून धरले जाते. आधारवर वय पाच वर्षांनी कमी पडले असेल तर हक्काचे कार्डही पाच वर्षांनी लांबते. ही दुरुस्ती अंगात धडधाकटपणा असतानाच करून घ्यावी, एवढे आम्ही आपल्या बांधवांनाही सांगू.

भाषेबद्दल थोडे. सरकारी मराठीत ‘बाह्यरुग्ण विभाग नोंदणी पत्रक’ असते, लोकांच्या तोंडी ‘केसपेपर’. ॲपवर केसपेपरच लिहावे. शुगर, बीपी, धाप, चक्कर, लघवीला जळजळ हे शब्द सर्वांना कळतात. आपल्या कित्येक घरांत दखनी बोलली जाते, बाजारात मराठी. आजीला उर्दू वाचता येते किंवा काहीच वाचता येत नाही, पण कानावर पडलेले सारे समजते. म्हणून प्रत्येक पानावर ऐकण्याची सोय हवी. ‘किलकारी’ या सरकारी सेवेत गरोदर स्त्रीला दर आठवड्याला फोनवर बोलका संदेश येतो, बाळ वर्षाचे होईपर्यंत. फेब्रुवारी २०२४ पासून ती महाराष्ट्रातही मराठीत आली. तिला महागडा फोन लागत नाही. हीच तऱ्हा मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी वापरता येईल. गोळीची आठवण देणाऱ्या व्यवस्थेत सकाळ-दुपार-संध्याकाळ एवढेच कप्पे ठेवून भागत नाही. रमजानमध्ये वेळा सहरी आणि इफ्तारच्या होतात, आणि तो बदल डॉक्टरला आधी विचारूनच करावा, हे ॲपने महिनाभर आधी सुचवावे.

दलाली नको

मदतनीसाची सोय म्हणजे रुग्णाचे गुपित चव्हाट्यावर मांडणे नव्हे. एका फोनवर घरातील पाच माणसांचे कागद असतील तर प्रत्येकाचा कप्पा वेगळा हवा आणि सुनेचा रिपोर्ट दिराला उघडता येता कामा नये. आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांत असे काम रोज येते. त्या बांधवांना आमची विनंती आहे की, काम झाल्यावर गिऱ्हाईकाच्या आधारचा फोटो आणि रिपोर्ट आपल्या फोनमधून त्याच्या देखत पुसून टाकावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला आहे. पण कायद्याच्या आधीही दुकानाची पत नावाची गोष्ट असते. आयुष्मान कार्ड मोफत आहे, हेही गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावे. आपण छपाईचे किंवा मेहनतीचे पैसे घेत असू तर ते तसे सांगून घ्यावेत. शंका आली तर १४५५५ या क्रमांकावर विचारता येते.

जी मुले असे ॲप धंदा म्हणून करू पाहतात त्यांनी पैसा कोठून येणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. रुग्ण पाठविल्याबद्दल डॉक्टरने कट देणे-घेणे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी निषिद्ध ठरविले आहे. जो दवाखाना जास्त पैसे देईल त्याचे नाव यादीत वर, अशी मांडणी केली तर ते ॲप राहत नाही, दलालाची वही होते. भुसारच्या अडतीत बसलेल्या माणसाला दलालीचा हिशेब चांगला कळतो. येथे फरक इतकाच की पोत्याऐवजी माणूस विकला जातो. त्यापेक्षा दुकानदारांच्या संघटनांकडून, औषध दुकानांकडून किंवा नगरपालिकेकडून उघडपणे ठरावीक वर्गणी घ्यावी आणि ती जाहीर करावी.

ॲपने डॉक्टर येत नाही

यावर काही जण म्हणतील की, जागा रिकाम्या, औषधांचा तुटवडा, मग ॲप घेऊन काय करायचे? हा आक्षेप खोटा नाही. ॲपने डॉक्टर निर्माण होत नाही आणि कोणी तसे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मात्र आज डॉक्टर नाही, एवढी खरी बातमी सकाळी सातला घरी मिळाली तर माणूस बस पकडत नाही, दुकान उघडतो. शिवाय महिनाभर रोज ‘आज नाही’ अशी नोंद पडत राहिली तर ती नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे आणि जिल्हा परिषदेपुढे ठेवण्याजोगा पुरावा होते. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. तारीखवार यादीला उत्तर द्यावे लागते. म्हणूनच ही माहिती रोज भरण्याची जबाबदारी नेमून दिलेली असली पाहिजे. शिळी माहिती देणारे ॲप हे ॲप नसण्यापेक्षा वाईट. कारण त्यावर भरवसा ठेवून निघालेल्या माणसाचा दिवस बुडतो आणि तो पुन्हा कधी ते उघडत नाही.

आमची सूचना साधी आहे. असे ॲप तयार झाले की त्याचा समारंभ करण्याआधी ते घेऊन वसमत किंवा कळमनुरीच्या बाजारात बाजाराच्या दिवशी बसावे. एक बागवान, एक शिंपी, एक पिंजारी, बांगड्या भरणारी एक बाई, एक हमाल अशी दहा माणसे निवडावीत आणि त्यांच्या घरातील एखाद्या रुग्णासाठी डॉक्टरची आजची वेळ शोधायला सांगावे. शिकवू नये, बोट दाखवू नये, नुसते पाहावे. दहांपैकी सात जणांना पाच मिनिटांत, हवे तर शेजाऱ्याच्या मदतीने, उत्तर सापडले तर ॲप चालेल. न सापडल्यास चूक त्या माणसांची धरू नये; ॲप परत नेऊन दुरुस्त करावे. व्यापारी संघटनांनी ही चाचणी आपल्या पुढाकाराने घडवून आणावी, कारण वाचणारा दिवस आपला आहे.

सरकारी अहवालांत ॲप किती लाख लोकांनी उतरवून घेतले याचा आकडा दिला जातो. हिंगोलीच्या दुकानदाराने आणि कारागिराने दुसराच आकडा मागावा: या महिन्यात किती फेरे वाचले?